पेट्रोल जातं कुठे? रत्नागिरीतल्या एका गाडीचा हिशोब

गाडी २०१९ची, बीएस-४, १.२ लिटर पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. मीटरवर ८७ हजार किलोमीटर. कागदावर ॲव्हरेज २१च्या आसपास, प्रत्यक्षात मिळत होतं १३.२. जोडीला दुसरी तक्रार: पावसाळ्यात सकाळी स्टार्ट व्हायला नखरे, मधेच इंजिनाचा दिवा, मधेच स्टीअरिंगचा दिवा, आणि मारुती मंदिरच्या सर्कलपाशी गर्दीत उभी असताना आपोआप बंद पडणं. पेट्रोल पिते आणि भरवशाचीही नाही, अशी गाडी माणूस सहसा विकूनच टाकतो. विकायच्या आधी एकेक भाग उघडून, प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून बघितलं. त्याला सात महिने लागले. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं बरंचसं किनाऱ्यावर राहणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू आहे.

आधी माप. डॅशबोर्डवर जो ॲव्हरेजचा आकडा दिसतो तो मोजलेला नसतो, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीच्या कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज असतो, आणि तो बहुतेक गाड्यांत खुशामत करणाराच निघतो. आमच्या गाडीत तो १४.४ दाखवत होता, म्हणजे नऊ टक्के फुगवलेला. खरं माप एकच, टाकी ते टाकी. पंप एकच, शक्यतो नोझलही तेच, आणि गाडी दर वेळी त्याच तोंडाने उभी करायची, कारण पंपाच्या आवाराला उतार असतो आणि गाडी कलली की टाकीत हवा अडकते. पहिल्या ऑटो कटला थांबायचं. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, “राउंड फिगर करू?” तिथे नाही म्हणायचं. त्या राउंड फिगरच्या नादात अर्धा ते एक लिटर इकडेतिकडे होतं, आणि २८ लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे साडेतीन टक्के चूक. म्हणून एका टाकीवरून काही ठरवू नये. पाच टाक्यांत १,८४२ किलोमीटर झाले, पेट्रोल लागलं १३९.५ लिटर. भागाकार १३.२.

ओडोमीटर खरा की खोटा हे मोबाइलच्या जीपीएसवर पाहता येतं, पण घाटात नको. वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस कोपरे कापतो आणि अंतर कमी भरतं. हातखंब्याच्या पुढे महामार्गाचा सरळ पट्टा त्यासाठी बरा. आमचा ओडोमीटर एक टक्क्याच्या आत बरोबर निघाला. स्पीडोमीटर मात्र चार-पाच किलोमीटर जास्त दाखवतो, तो बहुतेक गाड्यांत तसाच असतो, त्याचा ॲव्हरेजशी संबंध नाही. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. आम्ही मागितलं, माप बरोबर आलं, पंपवाल्याची दोन दिवस नाराजी राहिली.

आता कागदावरचा आकडा. तो चाचणी केंद्रात, गाडी रोलरवर उभी करून, एमआयडीसीप्रमाणे काढतात. ही मिरजोळ्याची एमआयडीसी नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद, समोर बैलगाडी नाही, चढ नाही, खड्डा नाही. त्या आकड्याखाली बारीक अक्षरात ‘प्रमाणित चाचणी परिस्थितीत’ असं लिहिलेलं असतंच. कोकणात निव्वळ चढाचा खर्च किती, ते हिशोबाने काढता येतं. गाडी आणि दोन माणसं मिळून ११५० किलो धरा. रत्नागिरीहून आंबा घाटाने वर जाताना सुमारे ६०० मीटर चढ. एवढं वजन तेवढं वर उचलायला साधारण ६.८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी इंजिन चाकापर्यंत पाव हिश्शाच्या थोडी वर पोचवतं, म्हणजे पेट्रोलच्या रूपात २४ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ०.८ लिटर. सपाट रस्त्यावर जे पेट्रोल लागलं असतं, त्याच्यावर हे जास्तीचं. उतरताना यातलं थोडं परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये असेल तरच. गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. वाचत नाही. ब्रेक तापून पाय खाली जातो, ते वेगळंच.

मग ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हल्ली ॲव्हरेज पडलं की सगळे इथेनॉलकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे, पण मोजून-मापून. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सहा-सात टक्के घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ॲव्हरेजमधली घट सहा ते सात टक्केच दिली होती. पण २०२२च्या मध्यापासून पंपावर दहा टक्के मिश्रण होतंच. तिथून २० टक्क्यांवर येण्यात फरक पडतो साडेतीन टक्क्यांचा, म्हणजे १६ देणाऱ्या गाडीत अर्धा किलोमीटर. १३.२चं खापर एकट्या इथेनॉलवर फुटत नाही.

या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून आमच्या वापराला (रोज आठ-नऊ किलोमीटरच्या फेऱ्या, आठवड्यातून एकदा चिपळूण किंवा लांजा, एसी कायम) साडेसोळा ते सतरा मिळायला हवं असं ठरवलं. छोट्या फेऱ्यांना यापेक्षा जास्त मागू नये. पहिले तीन-चार किलोमीटर इंजिन थंड असतं आणि तेवढ्यात ते पोटभर पिऊन घेतं. म्हणजे शोधायचे होते ते साडेतीन किलोमीटर. टायरमधली हवा आधीच नीट केली होती, थंड टायरमध्ये ३३ पीएसआय, स्वतःच्या गेजने. पंक्चरवाल्याचं गेज तीन पीएसआय जास्त दाखवत होतं, म्हणजे तो ३३ म्हणायचा तेव्हा असायची ३०.

सगळ्यात मोठी चोरी सापडली ती ब्रेकमध्ये. तपासायची रीत सोपी आहे. दहा किलोमीटर गाडी चालवायची, शेवटच्या दोन किलोमीटरांत ब्रेक जवळजवळ लावायचाच नाही, चढावर गाडी आपोआप मंदावू द्यायची आणि थांबल्याबरोबर चारही चाकांच्या मध्यभागाचं तापमान घ्यायचं. त्यासाठी बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतं, ते नसेल तर हात जवळ नेऊन कळतं. लावू नये, पोळतो. आमचे आकडे असे: पुढचं डावं ५८ अंश, पुढचं उजवं ११६. मागचं उजवं ४७, मागचं डावं ७९. डाव्या-उजव्यात दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे एक चाक धरलेलं आहे. मग जॅक लावून चाक हाताने फिरवायचं. मोकळं चाक हलक्या झटक्यात एक-दीड फेरा घेतं. आमचं उजवं पाव फेऱ्यात थांबत होतं आणि ‘खस्स’ असा आवाज सतत.

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, उघडल्यावर दोषही समोर. या प्रकारचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. खालच्या पिनेचं रबरी बूट फाटलेलं, त्यातून पाणी आत गेलेलं. आत ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल होता, आणि पिना पाईप पान्याने पिळून काढावी लागली. पिना सरकत नसली की ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे येत नाही. पिस्टनच्या बाजूचा पॅड डिस्कला घासतच राहतो. आतला पॅड ३ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ८. दोन पॅडच्या जाडीतला असा फरक दिसला की पिनेकडे बघायचं, नवे पॅड टाकून गप्प बसायचं नाही. सर्व्हिसला दर वेळी ‘ब्रेक क्लीनिंग’चे पैसे लागले होते, पण त्यात डिस्कवर हवा मारतात, पिना कोणी काढत नाही. पिनांचं किट काही शे रुपयांना येतं. बैठक पॉलिश पेपरने आणि ब्रेक क्लीनरने साफ करायची, आणि ग्रीस फक्त सिलिकॉनचं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिना पुन्हा अडकते. मेस्त्रीकडे सिलिकॉन ग्रीस नसेल तर आपण घेऊन जावं.

मागच्या डाव्या चाकात हँडब्रेकची केबल आतून गंजून आपल्याच नळीत अडकली होती. लीव्हर खाली केला तरी लायनर ड्रमला टेकलेलेच. ही किनाऱ्यावरची नेहमीची दुखणी. पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून गाडी ठेवली की ओले लायनर ड्रमला चिकटतात, सकाळी गाडी निघताना ‘कट्ट’ आवाज येतो तो तोच. खळ्यात गाडी लावायची तर पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवावा, हँडब्रेक सैल. नवी केबल टाकून लीव्हर सहा टकटकीवर धरेल असा जुळवून घेतला. यानंतरच्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज १४.४ आलं. एका पिनेने आणि एका केबलने एवढं पेट्रोल खाल्लं होतं.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ही सहसा कोणी बघत नाही, कारण गाडी तापत नाही, उलट थंडच राहते, आणि थंड गाडीची तक्रार कोण करणार? त्यासाठी ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या जोडणीत) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा लागतो. स्टीअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर चालू आकडे दिसतात. स्वस्तातला स्कॅनर यासाठी पुरतो. कूलंटचं तापमान दहा-बारा मिनिटांत ८५ ते ९५च्या दरम्यान यायला हवं आणि तिथेच राहायला हवं. आमचं भाट्याच्या पुलावर ७१, पावस गावच्या उतारावर ६६. इंजिन तापलेलं नाही असं कॉम्प्युटरला वाटतं तोवर तो मिश्रणात पेट्रोल जास्तच सोडतो. एवढं असून दिवा लागलेला नव्हता. कोड नोंदायला तापमान आणखी बराच वेळ खाली राहावं लागतं, आणि आमच्या फेऱ्या त्याआधीच संपतात.

थर्मोस्टॅट काढून बघितला तर थंड असतानाही झडप दोन मिलिमीटर उघडी. बैठकीत गंजाची खपली अडकलेली. ही खपली आली कुठून, तर आधी कधीतरी कूलंट कमी झाल्यावर कोणीतरी विहिरीचं पाणी ओतलं होतं. जांभ्यातलं विहिरीचं पाणी प्यायला गोड, पण इंजिनात गंज धरतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून घ्यावा: पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात तो दोऱ्याने टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. अंगावर छापलेल्या तापमानाला (आमच्यावर ८२) झडप हलू लागली पाहिजे आणि ९५पर्यंत पूर्ण उघडली पाहिजे. जुना थर्मोस्टॅट मात्र स्वयंपाकाच्या पातेल्यात घालू नये; कूलंट विषारी असतं. पूर्ण सिस्टीम दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं. भरताना हीटर फुल गरमवर ठेवायचा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्यायचं, म्हणजे अडकलेली हवा निघते; ती राहिली तर तापमानाचे आकडे नाचत राहतात. आता काटा ८८ ते ९२ मध्ये असतो. ॲव्हरेज १५.२.

स्कॅनरवर आणखी एक आकडा बघण्यासारखा असतो, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम. कारखान्यात आखून दिलेल्या पेट्रोलपेक्षा कॉम्प्युटर किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, ते यात कळतं. निरोगी गाडीत तो अधिक-उणे पाचच्या आत असतो. आमचा अधिक १३ होता. यातला थोडा इथेनॉलचा, कारण निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, दहा टक्के इथेनॉलला १४.१, वीस टक्क्यांना साधारण १३.५. म्हणजे ई-१०वर बेतलेल्या गाडीत ई-२०मुळे ट्रिम चार-पाच टक्के वर जाणारच. उरलेले आठ कुठून? सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयार होतं: ऑक्सिजन सेन्सर बदला. सेन्सर निर्दोष होता. इंजिन चालू ठेवून इनटेकच्या आसपास कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारत गेलं की जिथे चीर असेल तिथे इंजिनाचा आवाज बदलतो (गरम सायलेन्सरपासून लांब, आणि जवळ पाण्याची बादली ठेवून). आमच्याकडे तो मॅनिफोल्डच्या मागच्या, इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्हीच्या रबरी नळीवर बदलला. आरसा धरून बघितलं तर नळीवर दातांच्या खुणा. उंदीर. पावसाळ्यात गरम बोनेटखाली उंदीर येऊन बसतात, आणि आंब्या-काजूच्या बागेशेजारी गाडी उभी राहत असेल तर विचारायलाच नको. नवी नळी टाकल्यावर ट्रिम अधिक ५वर आला, आणि गर्दीत बंद पडणं त्याच दिवशी थांबलं.

ॲव्हरेज मात्र १५.२चं १५.३ झालं, म्हणजे काहीच नाही. असंच व्हायला हवं होतं: कॉम्प्युटर चोरीच्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल वाढवून मिश्रण बरोबरच ठेवत होता, त्रास होता तो आयडलिंगला. हे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीचं झालं. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो तिथे अशी चीर ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडलिंगचे फेरे वाढलेले दिसतात. आपल्या गाडीत कोणता आहे ते आधी माहीत करून घ्यावं, नाहीतर ट्रिम ठीक म्हणून नळी सुटून जाते.

स्पार्क प्लग बदलले, अंतर १.१चं झिजून दीड मिलिमीटर झालं होतं. चढावर इंजिन थोडं मोकळं झालं. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन डीकार्ब, इंजिन फ्लश अशी पॅकेजं सुचवली गेली, ती केली नाहीत. चारही सिलिंडर सारखे चालत होते, इंजेक्टर तुंबल्याची एकही खूण नव्हती.

एसीचं कारण उशिरा लक्षात आलं. पुढच्या जाळीतून टॉर्च मारून कंडेन्सर बघितला तर खालच्या अर्ध्या भागातल्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटाने दाबल्यावर पांढरी पूड होऊन गळत होत्या. खाऱ्या हवेचं हे काम. पात्या गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही, गॅस नीट थंड होत नाही आणि कंप्रेसर सुटतच नाही. चांगला एसी बोनेट उघडून ऐकला तर कंप्रेसर लागल्या-सुटल्याचा ‘टक’ येतो. आमचा मे महिन्यात पंधरा मिनिटं एकदाही सुटला नाही. तीनदा गॅस भरून झाला होता, गॅस कमी नव्हताच. कंडेन्सर बदलला. ॲव्हरेज १६.१, पण हा आकडा जूनमधला, तेव्हा उकाडाही उतरला होता. त्यातला किती कंडेन्सरचा आणि किती पावसाचा, ते वेगळं काढता येत नाही.

आता भरवशाची बाजू. स्टीअरिंगचा दिवा, इंजिनाचा दिवा, सकाळी ‘टकटकटक’ करून न फिरणारा स्टार्टर. पहिल्यांदा नवी बॅटरी घातली गेली, दोन महिने बरे गेले. मग स्टार्टर उघडून झाला. शेवटी ‘ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल’ इथपर्यंत गोष्ट आली, म्हणजे चाळीसेक हजार. त्याआधी मल्टीमीटरने अर्थिंग तपासायला दहा मिनिटं लागतात. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, म्हणजे टर्मिनलच्या क्लॅम्पला नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबाला. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा म्हणजे इंजिन पेटत नाही, आणि दुसऱ्याला पाच सेकंद स्टार्टर मारायला सांगायचा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा हवा. आमचा ०.९. याचा अर्थ बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी जवळजवळ एक व्होल्ट परतीच्या वाटेतच हरवत होता. स्टार्टर जोर लावतो त्या क्षणी व्होल्टेज इतकं पडायचं की स्टीअरिंगची मोटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर दोघेही घाबरून दिवा लावायचे.

कारण होती इंजिनापासून बॉडीकडे जाणारी तांब्याच्या विणीची पट्टी. बाहेरून ती बरी दिसत होती. बोल्ट काढल्यावर वॉशरखाली हिरवी पूड, आणि वीण चिमटीत धरली तर वाळलेल्या काथ्यासारखी तुटत होती. नवी पट्टी टाकण्याआधी बॉडीवरची बैठक चमकेपर्यंत घासली, मधे रंग राहू दिला नाही, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलिन चोपडलं. क्रम महत्त्वाचा: आधी आवळायचं, मग व्हॅसलिन. दुसरी अर्थिंगची तार हेडलाइटच्या मागे असते, तिचीही तीच गत होती. मीटरवर आकडा ०.१२. खर्च साडेचारशे रुपये, मेस्त्रीच्या चहासकट. दोन पावसाळे झाले, दिवा लागलेला नाही. या दुरुस्तीने ॲव्हरेज तसूभरही हललं नाही, पण ब्रेकची पिना, हँडब्रेकची केबल, कंडेन्सर आणि ही पट्टी, चारही गोष्टी खाऱ्या दमट हवेनेच खाल्ल्या होत्या, आणि सर्व्हिसच्या छापील यादीत चारांपैकी एकही नव्हती. ती यादी पुण्यात आणि रत्नागिरीत एकच असते. खरा राग येतो तो याचा.

सर्व्हिस सेंटरला ॲव्हरेजची तक्रार केली की ते ‘मायलेज टेस्ट’ घेतात. टाकी फुल करून, माणूस सोबत घेऊन, महामार्गावर ताशी ५०-६०ने, एसी बंद, वरच्या गिअरमध्ये. आमची त्यात १८.७ आली, तीही पुढचं चाक धरलेलं असताना, आणि जॉब कार्डवर ‘ओके’ लिहून गाडी परत. त्या टेस्टला जाताना आपल्या टाकी ते टाकीच्या नोंदी घेऊन जाव्यात आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर, एसी लावून पुन्हा घ्या असं लेखी मागावं. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: ‘ॲव्हरेज कमी’ एवढं पुरत नाही, ‘पाच टाक्यांचं सरासरी १३.२, पुढचं उजवं चाक ११६ अंश’ असं. प्रत बरोबर आणावी, बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. वॉरंटीत असताना एकच दोष तीनदा नोंदला गेलेला असेल तर पुढे त्याला किंमत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, गाडीची दिलेली किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर फी दोनशे रुपये, अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोग गाडी तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र ‘कागदावर २१ होतं, मिळतं १६’ एवढ्यावर भिस्त ठेवू नये. दाखवता येईल असा दोष आणि त्याचा कागद हवा. आमची गाडी वॉरंटीच्या बाहेर होती, त्यामुळे तो रस्ता धरला नाही.

आता आगोटीला घर शाकारतात तसं गाडीचंही एक काम मे अखेरीस ठरलेलं आहे. चारही चाकं काढून पिना आणि लायनर, अर्थिंगचे दोन्ही बोल्ट, आणि वायपरखालची जाळी. त्या जाळीत आंब्याची पानं कुजून पाण्याची भोकं तुंबतात, मग पाणी ब्लोअरमधून पायाखाली येतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोकं तारेने मोकळी करायची. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवायची, कारण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि रिकाम्या टाकीत हवा जास्त. आरे-वारेला किंवा गणपतीपुळ्याला जाऊन आलं की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याची नळी. पॉलिश वगैरे नंतर केलं तरी चालतं.

शेवटच्या पाच टाक्यांचं सरासरी १६.४. अजून अर्धा किलोमीटर कुठेतरी आहे. मागचं डावं चाक गेल्या आठवड्यात पुन्हा ६१ अंश आलं, उजवं ४६. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचं रबर पाझरताना दिसलं. पार्ट मागवलाय, चिपळूणहून यायचा आहे.